कुत्र्या-मांजरांच्या मांसाच्या व्यापाराविरुद्ध काम करायचंय, पण कुणा माणसांचा द्वेष न पसरवता. कसं करावं?

मांजरपाय:

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

आमचा सात जणांचा छोटासा ग्रुप आहे. भटक्या कुत्र्यामांजरांची नसबंदी, लसी, कुणी गाडीखाली आलं तर दवाखान्यात नेणं, एवढंच आमचं काम. मागच्या महिन्यात कुणीतरी एक व्हिडिओ पाठवला. पोत्यात कोंबलेली कुत्री, फक्त मुंडकं बाहेर, तोंड सुतळीने करकचून आवळलेलं, आणि सगळी जिवंत, डोळे हलतायत. रात्रभर डोळ्याला डोळा नाही लागला. सकाळी उठल्या उठल्या तो पेजवर टाकला, वर दोन ओळी की हे थांबलंच पाहिजे, खाली ऑनलाइन याचिकेची लिंक, सही करा म्हणून. दुपारपर्यंत तुफान शेअर झाला आणि मी खूश, की चला लोकांना कळवळा आहे.

संध्याकाळी कमेंट वाचायला बसले आणि पोटात गोळाच आला. कुत्र्यांबद्दल बोलणारे बोटावर मोजण्याएवढे, बाकी नुसत्या शिव्या, ईशान्येकडच्या लोकांना, चिनी लोकांना, कोरियन लोकांना, "ही माणसं असलीच", "यांनाच पोत्यात घाला". आणि त्याच वेळी माझ्या कॉलेजच्या रूममेटचा मेसेज आला, ती नागालँडची. एवढंच लिहिलं होतं तिने, तुझ्या पेजवर माझ्या लोकांबद्दल काय चाललंय ते एकदा वाच. तिच्या घरी दोन कुत्री आहेत आणि ती कुत्र्याचं मांस खात नाही, पण मुद्दा तो नाहीच. हॉस्टेलला असताना लोक तिला तोंडावर हसत हसत "तुम्ही कुत्रं खाता ना गं" विचारायचे ते मी माझ्या कानांनी ऐकलंय, तेव्हा मी भांडलेय तिच्यासाठी, आणि आता तेच सगळं माझ्या पेजवर, माझ्यामुळे.

पोस्ट काढून टाकली. पण ती पोत्यातली कुत्री काही डोक्यातून जात नाहीत, आणि गप्प बसणं हे काही उत्तर नाही असं मला मनापासून वाटतं. म्हणून विचारतेय, जिथे जिथे हा व्यापार बंद झाला किंवा कमी झाला तिथे नक्की कशामुळे झाला? सह्यांनी खरंच काही होतं का? आपल्याकडे कायदा काय म्हणतो, कारण याचिकेत "बंदी घाला" लिहिलं होतं पण ती कुणी आणि कशी घालायची हे मलाच माहीत नव्हतं. आणि अजून एक, माझा सख्खा भाऊ म्हणाला, तू चिकन खातेस मग कुत्र्यांचाच एवढा पुळका का? मला उत्तर देता आलं नाही. खरंच काय उत्तर द्यायचं?

दूरदेशी:

धागा काढलास ते फार बरं केलंस. मी नोकरीनिमित्त साडेचार वर्षं दक्षिण कोरियात, सोलमध्ये होतो आणि सुटीला येता-जाता "फ्लाइट व्हॉलंटियर" म्हणून काम केलंय, म्हणजे कुत्र्यांच्या फार्मवरून सोडवलेली कुत्री दत्तक घेणारं घर परदेशात असतं, तर त्यांचे पिंजरे आपल्या तिकिटाबरोबर बुक करून पोचवायचे. त्यामुळे कोरियाचं मी जवळून पाहिलेलं सांगतो.

तुझ्या पेजवर जे झालं ना, तेच कोरियात फार मोठ्या प्रमाणावर होऊन गेलंय. २००२ च्या फुटबॉल वर्ल्डकपच्या आधी फ्रेंच अभिनेत्री ब्रिजित बार्दोने कोरियन लोकांना जाहीरपणे नावं ठेवली, तिथल्या रेडिओवरच्या मुलाखतीत रागावून फोनच ठेवून दिला. परिणाम काय, तर ज्यांनी आयुष्यात कुत्रं खाल्लं नव्हतं तेसुद्धा "आमच्या ताटात डोकावणारे तुम्ही कोण" म्हणून चिडले. माझ्या ऑफिसातले वयस्कर सहकारी वीस वर्षांनंतरही हा किस्सा सांगताना तावातावाने बोलायचे. बाहेरच्याने शिवी दिली की ताटातली वस्तू एकदम अस्मितेची होते, आणि मग तिथे आतून बोलणाऱ्याचं तोंड बंद होतं, हे सगळ्यात मोठं नुकसान.

मग बदललं कशामुळे? माझ्या मते तिथल्याच लोकांमुळे. घराघरात कुत्री पाळली जायला लागली, तरुण पिढीने ते मांस खाणं जवळजवळ सोडलंच, आणि तिथल्याच संस्थांनी, कारा वगैरे, वर्षानुवर्षं एकेक बाजार, एकेक कत्तलखाना धरून काम केलं. सोंगनाम शहरात मोरान बाजार होता, देशातला सगळ्यात नावाजलेला, तिथली कुत्री मारायची जागा २०१६ च्या शेवटापासून हटवायला सुरुवात झाली, त्याच शहरातला मोठा कत्तलखाना २०१८ मध्ये पाडला, बुसानचा गुपो बाजार २०१९ मध्ये बंद झाला. आणि कायदा तोपर्यंत धड इकडे ना तिकडे, म्हणजे पशुपालनाच्या कायद्यात कुत्रा "पशुधन" पण मांसाच्या स्वच्छतेच्या कायद्यात त्याचं नावच नाही, त्यामुळे पाळायला परवानगी, कापण्यावर कुणाची देखरेख नाही. मग ९ जानेवारी २०२४ ला संसदेने कायदा केला, २०८ मतं बाजूने आणि विरोधात एकही नाही. खाण्यासाठी कुत्री पाळणं, मारणं, विकणं बंद, पण अंमल फेब्रुवारी २०२७ पासून, मधली तीन वर्षं धंदा बदलायला. मारणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ३ कोटी वॉनपर्यंत दंड. खाणाऱ्याला शिक्षा नाही, हे मला फार शहाणपणाचं वाटतं (तैवानने २०१७ मध्ये खाणाऱ्यालाही दंड ठेवला, पण तिथे विक्रीवर बंदी त्याआधी बरीच वर्षं होती).

आणि फार्मवाल्यांबद्दल लिहितो कारण यावर कुणी बोलत नाही. मी गेलो होतो तो फार्म एका साठीतल्या गृहस्थांचा होता. जाळीचे पिंजरे, तळालाही जाळीच, त्यामुळे कुत्र्यांच्या पंजांना जखमा, खायला हॉटेलांतलं उष्टं-खरकटं. मी मनात प्रचंड राग घेऊन गेलो होतो. त्यांनी चहा दिला आणि म्हणाले मला पण हे आवडत नाही पण कर्ज आहे आणि दुसरं काही येत नाही. ह्युमेन सोसायटी या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेने २०१५ पासून अशा लोकांशी करार करून १८ फार्म बंद केले, फार्मवाला दुसरा धंदा सुरू करणार, कुणी भाजी लावली, कुणी दुसरं काही, आणि कुत्री संस्था नेणार. पुढे सरकारनेही हेच उचललं, लवकर बंद करेल त्याला कुत्र्यामागे ६ लाख वॉनपर्यंत आणि उशीर करेल तसे कमी.

आता अवघड बाजू. सरकारी मोजणीत या फार्मवर ४ लाख ६६ हजार कुत्री होती. ती जाणार कुठे? बरीचशी मोठ्या जातीची, फ्लॅटमध्ये कोण घेणार. २०१९ मध्ये तिथल्या एका नावाजलेल्या संस्थेचं उघडकीला आलं की सोडवून आणलेली दोनशेहून जास्त कुत्री जागा नाही म्हणून गुपचूप मारून टाकली होती. देणगीदार ढसाढसा रडले होते अक्षरशः. त्यामुळे "सोडवा सोडवा" म्हणताना नंतर ठेवणार कुठे हे आधी ठरवा, ही माझी कळकळीची विनंती.

सावली:

दूरदेशी यांना +१.

सह्यांबद्दल, माझ्या मते सही ही कुणाच्या टेबलावर जाऊन पडणार हे ठरलेलं असेल तरच कामाची. युलिनच्या नावाने, म्हणजे चीनमधला तो २१ जूनच्या सुमाराचा कुत्र्याच्या मांसाचा मेळा, दरवर्षी जगभर लाखो सह्या होतात आणि दरवर्षी मेळा होतोच. पण त्याच चीनमध्ये जिन्हुआ भागातली कुत्र्याच्या मांसाची जत्रा, शेकडो वर्षं जुनी म्हणतात, ती २०११ मध्ये रद्द झाली ती चिनी नेटकऱ्यांनीच आवाज उठवल्यामुळे. त्याच वर्षी बीजिंगच्या हायवेवर चिनी लोकांनीच स्वतःची गाडी आडवी घालून ट्रक अडवला होता, पाचशेच्या आसपास कुत्री होती त्यात. शेनझेन शहराने १ मे २०२० पासून कुत्री-मांजरं खाण्यावरच बंदी घातली आणि त्याच महिन्यात चीनच्या कृषी मंत्रालयाने पशुधनाच्या यादीतून कुत्रा वगळला, की हा सोबती प्राणी आहे. म्हणजे "चिनी लोक असलेच" म्हणणाऱ्यांना हेच सांगायचं की सगळ्यात जास्त जोखीम घेऊन लढणारे पण तेच आहेत.

अजून एक, "सोडवले" म्हणून येणाऱ्या व्हिडिओंना डोळे झाकून पैसे पाठवू नका. व्यापाऱ्याकडून विकत घेऊन सोडवलं की त्याला पैसे मिळतात आणि तो दुसऱ्या दिवशी परत पिंजरा भरतो. आणि व्हिडिओ कधीचा, कुठला, हे कळल्याशिवाय टाकूच नये. तू टाकलेला कुठला होता?

मांजरपाय:

खरं सांगू, मला माहीत नाही गं. मी बघितलंच नाही. सगळ्यांनी नागालँड म्हणलं म्हणून मीही तेच धरून चालले. लाज वाटतेय.

कलम_अकरा:

वकिली करते, प्राण्यांच्या केसेस हातात येतात म्हणून नागालँडबद्दल नीट लिहिते, कारण यावर फार अर्धवट माहिती फिरते.

जुलै २०२० मध्ये नागालँड मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आणि मुख्य सचिवांच्या सहीने आदेश निघाला, कुत्र्यांची व्यापारासाठी आयात, कुत्र्यांचे बाजार, मांसाची विक्री, सगळं बंद. कोहिमातले परवानाधारक विक्रेते कोर्टात गेले, नोव्हेंबर २०२० मध्ये स्थगिती मिळाली आणि जून २०२३ मध्ये गुवाहाटी हायकोर्टाच्या कोहिमा खंडपीठाने आदेश रद्द केला. का केला ते महत्त्वाचं आहे. आदेश अन्नसुरक्षा कायद्याचा आधार घेऊन काढला होता आणि त्या कायद्यात असा अधिकार अन्नसुरक्षा आयुक्तांचा असतो, मुख्य सचिवांचा नाही. शिवाय कोर्ट म्हणालं की नागा समाजात हे मांस आजही खाल्लं जातं आणि विक्रेत्यांचं पोट त्यावर आहे. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांत खाण्याच्या प्राण्यांच्या व्याख्येत कुत्रा नाही हे खरं, पण देशाच्या इतर भागात ही कल्पनाच नसल्याने तो तिथे आला नसेल असं कोर्टाने धरलं. मला हा भाग पटत नाही, व्याख्येत नाही म्हणजे नाही असं माझं मत, पण निकाल हा आहे. शेजारच्या मिझोरामने मात्र मार्च २०२० मध्ये सरळ विधानसभेतून प्राणी कत्तलीच्या कायद्यातच दुरुस्ती केली आणि कापायला योग्य प्राण्यांमधून कुत्र्याचं नाव काढलं. रस्ता बरोबर असला की टिकतो.

पण त्याच निकालात एक गोष्ट आहे जी तुमच्या कामाची. पोत्यात बांधलेल्या, तोंड आवळलेल्या कुत्र्यांचे फोटो कोर्टापुढे होते. कोर्ट म्हणालं, एवढ्यावरून मांसावर बंदी घालता येणार नाही, पण ही क्रूरता थांबवायला कायदे आहेत ते कडक राबवा. म्हणजे खाणं-न खाणं बाजूला ठेवा, पोतं तर बेकायदेशीर आहेच. १९६० च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम ११ आहे, आणि १९७८ चे प्राणी वाहतुकीचे नियम आहेत ज्यात कुत्र्यामांजरांसाठी वेगळं प्रकरण आहे, पशुवैद्यकाचं प्रमाणपत्र लागतं, पिंजरा कसा असावा हे लिहिलंय. कुत्री बहुतेक बाहेरून गाड्यांमधून आणतात, तेव्हा वाहतुकीवर बोट ठेवा.

मात्र कलम ११ चा पहिल्या गुन्ह्याचा दंड किती आहे? १० ते ५० रुपये. वरची मर्यादा १९६० पासून तेवढीच. मला विचाराल तर याचिका करायचीच असेल तर हा दंड वाढवण्यासाठी करा, यात कुठल्याही समाजाचं नाव येत नाही आणि प्रत्येक प्राण्याला उपयोग होतो. जीव घेतला असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ आहे, त्यात ५ वर्षांपर्यंत कैद आहे, आणि कुणाचं पाळीव कुत्रं चोरलं असेल तर सरळ चोरीची तक्रार द्या, पोलीस "कुत्र्याची कसली चोरी" म्हणतील तरी लेखी द्या आणि पोच घ्या.

खरंखुरं:

मी थोडं कडू बोलणार आहे पण मनापासून. मी सगळं मांस सोडलंय, दहा वर्षं झाली. मांजरपाय, तुझा भाऊ अर्धा बरोबर आहे आणि ते अर्धं तू टाळू नकोस. "कुत्रा हुशार असतो, माणसाळलेला असतो" हे उत्तर टिकत नाही, डुक्कर पण हुशार असतं. आणि पोल्ट्रीतल्या पिंजऱ्याबद्दल कोरियन माणसाने आपल्याला विचारलं तर आपण काय सांगणार? हे ज्याला मान्य नाही त्याने मोहीम करू नये असं मी म्हणत नाही, पण निदान "आम्ही सुसंस्कृत, ते रानटी" हा सूर तरी काढू नये. भाऊ जिथे चुकतो ते असं की सगळ्यांसाठी करता येत नाही म्हणून एकासाठीही करू नये. असं म्हणलं तर कुणीच काही करणार नाही. त्याला म्हण, बरोबर आहे तुझं, मी चिकनचाही विचार करते, तू कुत्र्यांचा कर.

पशुवैद्य_बाई:

वरच्यांशी सहमत, पण एक फरक आहे जो भावनेचा नाही, आणि मला वाटतं लोकांना सगळ्यात पटण्यासारखा तोच आहे.

कोरिया सोडलं तर बाकी बहुतेक ठिकाणी खाण्यासाठी कुत्री पाळत नाहीत, पकडून आणतात किंवा चोरतात. मांजरांचं तर जवळपास पूर्णच तसं, कारण मांजर पिंजऱ्यात घालून वाढवणं परवडतच नाही. व्हिएतनाममध्ये फोर पॉज या संस्थेचा अंदाज वर्षाला ५० लाख कुत्री आणि १० लाख मांजरं असा आहे (अंदाजच आहे, कुणी मोजलेलं नाही, पण लहान आकडा नक्की नाही). हे प्राणी येतात कुठून, तर कुणाच्या तरी दारातून. तिथे गावकऱ्यांनी कुत्रे चोरणाऱ्यांना पकडून जीव जाईपर्यंत मारल्याच्या घटना झाल्यात. आणि मांजरांचं बघा, १९९८ मध्ये तिथल्या सरकारने मांजर मारण्यावर बंदी घातली होती, का, तर उंदीर वाढले आणि भातशेती जाते म्हणून. ती बंदी २०२० मध्ये उठवली. २०१५ मध्ये हनोईत एक ट्रक पकडला होता, चीनमधून आणलेली तीन टन जिवंत मांजरं. तीन टन, विचार करा एकेक मांजर किती वजनाचं असतं. आजार पसरू नये म्हणून ती पुरून टाकली. हे वाचलं तेव्हा मी दवाखाना बंद करून घरी निघून गेले होते.

आता रेबीज. जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसं रेबीजने जातात, जवळजवळ सगळी कुत्र्यांमुळे. तो थांबवायचा एकच खात्रीचा मार्ग, एका भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस आणि ती पातळी टिकवणं. आम्ही उन्हातान्हात फिरून लस देतो, आणि व्यापारी तीच माणसाळलेली, सहज हाती लागणारी कुत्री उचलून नेतात आणि दुसरीकडची, न टोचलेली, शेकडो किलोमीटरवरून आणतात. सगळ्या कामावर पाणी. व्हिएतनाममधल्या दोन रुग्णांबद्दल २००९ मध्ये छापून आलं होतं, दोघांनाही कुणी चावलेलं नव्हतं, एकाने अपघातात मेलेलं कुत्रं कापलं होतं, दुसऱ्याने आजारी मांजर. दोघेही गेले. धोका शिजवलेल्या मांसाचा नाही, कापणाऱ्याच्या हाताचा आहे, म्हणजे त्या गरीब विक्रेत्याचाच जीव आधी जातो. हे त्याला त्याच्या भाषेत, त्याच्या जवळ बसून सांगितलं तर तो ऐकतो.

इंडोनेशियात नेमकं हेच धरून पहिली शिक्षा झाली. २०२१ मध्ये कुलोन प्रोगो भागात ७८ कुत्र्यांचा ट्रक अडवला, भाग रेबीजमुक्त आणि कुत्री बाहेरून आणलेली, कागद नाहीत. १० महिने कैद आणि १५ कोटी रुपिया दंड. "कुत्रा खाणं वाईट" यावर नाही, रोगराईच्या कायद्यावर. पुढे जुलै २०२३ मध्ये तोमोहोनच्या बाजारातल्या शेवटच्या सहा विक्रेत्यांनी स्वतः सही करून कुत्र्या-मांजरांचा धंदा सोडला, त्यांना दुसऱ्या धंद्यासाठी मदत दिली गेली. तिथेही ते मांस परंपरेचंच होतं बरं का.

मांजरपाय:

दोन दिवस लागले उत्तर द्यायला, सगळं परत परत वाचलं.

आधी रूममेटला फोन केला. मेसेज नाही, फोनच. माफी मागितली. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली की तिच्या गावातही आता याबद्दल घराघरात वाद होतात, तिची धाकटी भावंडं घरातल्या मोठ्यांशी भांडतात, त्यांचं पहिलं कुत्रं असंच एक दिवस नाहीसं झालं होतं आणि सगळ्यांना माहीत होतं कुठे गेलं असेल. "पण हे आम्ही बोलायला लागलो की बाहेरून कुणीतरी शिवी देतं, मग मला माझ्याच लोकांची बाजू घ्यावी लागते," म्हणाली. हे ऐकल्यावर मला दूरदेशींनी लिहिलेलं एकदम कळलं. मी विचारलं मी काय करू, तर म्हणाली आमच्याबद्दल तू बोलू नकोस, तुझ्या इथून जे करता येतं ते कर.

म्हणून ग्रुपमध्ये असं ठरलंय, जुनी याचिका बंद. कलम ११ च्या दंडाबद्दल खासदारांना पत्रं, प्रत्येकाने स्वतःच्या हाताने लिहायची, कुठल्याही राज्याचं नाव न घेता. पेजवर कमेंट आधी तपासूनच दिसतील असं केलंय आणि कुणी कुठल्या समाजाला बोललं तर सरळ बाहेर. लसीकरणाच्या नोंदी आम्ही वहीत ठेवायचो, कुत्र्याच्या फोटोसकट ठेवायला सुरुवात केलीय, म्हणजे एखादं गायब झालं तर दाखवायला काही असेल. तो पोत्याचा व्हिडिओ परत टाकणार नाही. भावाला खरंखुरं यांचं उत्तर वाचून दाखवलं, तो काही बोलला नाही, पण पत्र लिहायला बसला.

कलम_अकरा ताई, पत्राचा मसुदा पाठवला तर नजर टाकाल का?

कलम_अकरा:

नक्की पाठव. एका पानाच्या वर नको, पहिल्याच ओळीत १० ते ५० रुपये हा आकडा येऊ दे, आणि शेवटी लेखी उत्तर मागा. नोंदींमध्ये लस दिल्याची तारीख आणि नसबंदीनंतर केलेली कानाची खूण दिसेल असा फोटो घ्या, समोरून काढलेल्या फोटोत सगळी तांबडी कुत्री सारखीच दिसतात.